चकव्याला दात नसतात

वसईहून रात्री उशिरा परतताना नायगाव सुटलं की लोकल खाडीपुलावर येते आणि डब्याचा आवाज एकदम पोकळ होतो. खाली काळं पाणी, मध्ये पाणजू बेटावरचे मोजके दिवे, आणि भाईंदर जवळ आलं की मिठागरांतले पांढरे ढीग. दिवसा ते नुसतं मीठ असतं. रात्री दारात उभं राहून पाहिलं तर त्यातला एखादा ढीग गाडीबरोबर चार पावलं चालत आल्यासारखा वाटतो. वाटतो, एवढंच. खात्री करायला जावं तोवर स्टेशन आलेलं असतं.

अशाच एका रात्री घरी येऊन मी कार्ल थिओडोर ड्रायरचा ‘वाम्पीर’ पाहिला. दिग्दर्शक डॅनिश, भाषा जर्मन, चित्रण फ्रान्समधल्या कूर्तांपियेर नावाच्या गावात. पैसे निकोला द गुन्झबुर्ग या हौशी उमरावाचे, आणि त्याची अट एकच होती : नायक मीच. पडद्यावर त्याने ज्युलियन वेस्ट असं नाव घेतलं. अभिनय त्याला फारसा येत नाही. झोपेत चालणाऱ्या माणसासारखा तो फक्त बघत हिंडतो. सिनेमाला नेमकं हेच हवं होतं.

6 मे 1932ला बर्लिनमध्ये तो लागला. आदल्याच वर्षी अमेरिकेत ‘ड्रॅक्युला’ येऊन गेला होता. काळा झगा, रोखलेली नजर, उमरावी थाट. ड्रायरकडे यातलं काहीच नाही. त्याची रक्तपिपासू म्हणजे काठी टेकत चालणारी एक म्हातारी, आणि तीही मोजक्याच वेळा दिसते. बाकी सगळा वेळ सावल्या. एका लाकडी पायाच्या शिपायाची सावली त्याला सोडून फिरून येते आणि मुकाट त्याच्याशेजारी येऊन बसते. दुसरी एक सावली खड्डा खणते, पण उलटी : माती जमिनीवरून उडून फावड्यावर येते.

आपल्याकडची भुतं याबाबतीत फार शिस्तीची. मुंजा पिंपळावर, हडळीचे पाय उलटे, वेताळाची अमावास्येला पालखी. प्रत्येकाला पत्ता आहे, आवडनिवड आहे आणि उताराही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली, तिथेही संकटाला एकदा नाव मिळालं की सामना करता येतो. नाव कळणं हा अर्धा उताराच असतो. भूत कोणतं ते एकदा ठरलं की गावाला हायसं वाटतं, मग नारळ-लिंबू काय लागेल ते आणता येतं.

या सगळ्यांत चकवा तेवढा वेगळा. त्याला चेहरा नाही, दात नाहीत, कुणी त्याला पाहिलेलं नाही. तो काही करतही नाही. रोजची पायवाट असते, तीच शेतं, तोच बांध, आणि माणूस रात्रभर त्याच बांधाला परत परत येतो. आजी सांगायची, चकवा लागला तर चालायचंच नाही. आहे तिथे बूड टेकायचं आणि उजाडायची वाट पाहायची. ‘वाम्पीर’ हा माझ्या मते रक्तपिपासूचा सिनेमाच नाही. तो चकव्याचा सिनेमा आहे.

म्हणजे कसं ते बघा. नायक आत येतो, आपल्याला वाटतं दार डावीकडे होतं. पुढच्या वेळी ते तिथे नसतं. कॅमेरा एकाच्या मागे निघतो आणि वाटेत त्याला सोडून भलतीकडेच जातो. नायक गावच्या डॉक्टरला ऐकू आलेल्या मुलाबद्दल विचारतो, तर डॉक्टर म्हणतो, इथे मूल नाही. मग कुत्री? कुत्रीही नाहीत. आवाज तर आपणही ऐकलेला असतो. मी तिथे सिनेमा थांबवला आणि खिडकी उघडून खालच्या गल्लीत पाहिलं. आमच्या गल्लीत कुत्री आहेत. त्या रात्री भुंकत मात्र नव्हती.

यातलं थोडं योगायोगाने हाती लागलं. सुरुवातीच्या चित्रणात एका दिव्याचा उजेड चुकून भिंगावर पडला आणि चित्र करडं, धुरकट आलं. ड्रायर आणि छायाचित्रकार रुडोल्फ माते यांनी ती चूक उचलून धरली आणि पुढे मुद्दाम कॅमेऱ्यासमोर काही अंतरावर झिरझिरीत कापड धरून तोच करडेपणा आणला. म्हणून या सिनेमात काळोख फारसा नाहीच. भीती आहे ती उजाडायच्या आधीच्या राखाडी वेळेतली, भरतीच्या वेळी खाडीवर असते तशी.

एक तक्रारही आहे. मध्येच एक जुनं पुस्तक उघडतं आणि रक्तपिपासू कसे असतात, कसे मरतात, याची पानंच्या पानं आपल्याला वाचायला लागतात. तेवढा वेळ भीती सपशेल उतरते. चकव्याची नियमावली छापायची नसते, हे ड्रायरसारख्याला सांगावं लागू नये. पण पुढच्याच भागात तो नायकाला शवपेटीत घालतो. झाकणाला काचेची चौकट आहे, वर स्क्रू पिळले जातात, आणि आपण आतून, आडवे पडून, वरून सरकणारी झाडं आणि आभाळ बघत राहतो. पुस्तक विसरायला होतं.

तेव्हाच्या प्रेक्षकांना हे झेपलं नाही. व्हिएन्नात तर लोकांनी पैसे परत मागत गोंधळ घातला. ड्रायरचा पुढचा कथापट यायला 1943 उजाडलं.

शेवटाकडे डॉक्टर पिठाच्या गिरणीत, गजांच्या पिंजऱ्यात अडकतो. वरून पीठ पडत राहतं : आधी खांद्यांवर, मग छातीपर्यंत, मग गजांना धरलेल्या बोटांपर्यंत. जर्मन सेन्सॉरला हे मरण इतकं जड गेलं की त्यांनी त्यात कात्री लावायला सांगितली. रक्ताचा थेंब नाही, नुसतं घरात रोज चाळतो तसलं पांढरं पीठ. त्याच वेळी नायक आणि एक मुलगी होडीतून धुक्यात वाट चुकतात. काठावरचे लोक शेकोटी पेटवतात, हाका मारतात, आणि त्या हाकांच्या अंदाजाने दोघं पलीकडे लागतात. झाडीत ऊन आहे. पण सिनेमा त्या उन्हात संपत नाही. कॅमेरा परत गिरणीत येतो. दातेरी चाकं हळू होत जातात आणि थांबतात. ती कुणी थांबवली, ते दिसत नाही.