रतीब बंद करताना

पुण्याच्या पेठांतून किंवा कॅम्प-खडकीच्या जुन्या चाळींतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'रतीब' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुधाचा रतीब, पावाचा रतीब, वर्तमानपत्राचा रतीब. तो लावायला एक वाक्य पुरे होई आणि बंद करायलाही एकच. 'उद्यापासून अर्धा लिटर कमी करा' असे दारातून सांगितले, की गवळी फार तर 'का हो, दूध पातळ लागलं का?' एवढे विचारी. सुट्टीत गावी जाताना चार दिवसांचा खाडा सांगितला, तर महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा होत. गवळी दुधात पाणी घालीत नसे असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'नको' हा शब्द त्याला ऐकू येत असे.

आता घराघरांत नवे रतीब लागले आहेत. चित्रपटांचे, गाण्यांचे, मुलांच्या शिकवणीचे, फोनमधील छायाचित्रे साठवून ठेवण्याचे. लावताना बोटाचा एक स्पर्श पुरतो. बंद करताना काय होते, हे आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीमुळे कळले. तिचे यजमान वारले. महिना उलटल्यावर दोघांच्या संयुक्त खात्यातून दोनशेच्या आतबाहेर रक्कम गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. यजमानांनी कधीतरी जुन्या मराठी चित्रपटांसाठी एक सेवा घेतली होती. ती थांबवायची तर सांकेतिक क्रमांक हवा. तो येणार यजमानांच्या फोनवर. आणि ते सिमकार्ड तर बंद झालेले. मदतकेंद्रात माणूस नव्हता, ठरावीक उत्तरे देणारे यंत्र होते. ग्राहक मरण पावला आहे, हे तिने तीनदा लिहिले. यंत्राने तीनही वेळा विचारले, की आमच्या सेवेत आपणांस काय आवडले नाही? शेवटी बँकेत जाऊन तिथल्या एका भल्या कर्मचाऱ्याकडून तिने ती परवानगीच रद्द करून घेतली. गेलेली रक्कम फार नव्हती. 'पण मेलेल्या माणसालासुद्धा सोडत नाहीत हो,' असे ती म्हणाली तेव्हा तिच्या स्वरात राग कमी आणि लाज अधिक होती, जणू फसणे हा तिचाच दोष.

हा प्रकार एकटीदुकटीचा नाही. अशा मांडणीला इंग्लंडच्या हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत वर्गणीचा सापळा हा एक प्रकार आहे : रद्द करण्याची सोय लपवणे, ती वाट लांब व किचकट करणे, फुकट सेवेसाठीही आधीच पैशांचा तपशील मागणे. दुसरा प्रकार ग्राहकाला शरमिंदे करण्याचा. विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहणे पसंत करतो' अशा अर्थाच्या शब्दांवर बोट ठेवायला लावणे, हा त्याचा नमुना. त्याआधी १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून होणाऱ्या अशा आवर्ती वसुलीची सूचना किमान चोवीस तास आधी देणे बंधनकारक झाले. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेथील वाचकांना हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक किती घरांत लिहून ठेवलेला असेल?

अमेरिकेत हे प्रकरण न्यायालयात गेले. तेथील संघीय व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दावा लावला, त्यात म्हटले होते की सभासदत्व रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत. ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धावरील चोवीस सर्गांचे महाकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. आम्हांला त्या रकमेपेक्षा ते नाव अधिक बोलके वाटते. ज्याने ते ठेवले तो सुशिक्षित होता, विनोदी होता आणि आपण काय करीत आहोत हे त्याला ठाऊक होते.

आता मूळ प्रश्न. यात पाप कोणते? खोटे तर कोणी बोललेले नसते. प्रत्येक पडद्यावरचे प्रत्येक वाक्य खरे असते. जाणाऱ्याला 'थोडे थांबता का?' असे एकदा विचारणे हाही गुन्हा नव्हे. लक्ष्मी रोडवरचा कापडवालाही विचारतो. परंतु कापडवाल्याला उत्तर हवे असते. येथे हवा असतो आपला थकवा. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असावे असे शिकवले, ते आपण नेहमी बोलणाऱ्याला लावतो. ते ऐकणाऱ्यालाही लागू आहे असे आम्हांस वाटते. दुसऱ्याच्या 'नाही'ला 'अजून होयच' समजून पैसे घेत राहणे, ही त्याच्या संमतीची चोरी आहे. पैशांची चोरी तिच्यामागून येते.

आपलाही वाटा आहेच. 'महिनाभर फुकट' हे शब्द दिसताच शेवटच्या दिवशी रद्द करू असे मनाशी ठरवून आपण शिरतो. समोरचा आपल्या विसराळूपणावर जुगार खेळतो, आपण स्वतःच्या हुशारीवर. शिवाय आमच्यासारख्या नियतकालिकाने या विषयावर लिहावे, हेही गमतीचेच. वर्गणी संपली तरी अंक बंद करणे आमच्या जिवावर येते आणि वर्षवर्ष तो न मागताच घरी पडत राहतो. त्याचा तोटा आमचा आम्हीच सोसतो, एवढेच.

पण ही वाट बांधतो कोण? ती हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात बांधली जाते, आणि बांधणाऱ्यांत रविवारी मिस्साला आपल्याच बाकावर बसणारी मुले आहेत. अशा एका तरुणाला आम्ही विचारले. तो मोकळेपणाने म्हणाला, 'अंकल, मी फक्त बटणाचा रंग फिका केला. ते खाली न्यायचं दुसऱ्यानं ठरवलं, आणि नकोच कशाला असं म्हणणारा तिसराच.' खोटे तोही बोलत नव्हता.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राला हा पेच नवा नाही. मालकाने दुष्कर्मासाठी खिडकीतून शिरायचे, आणि नोकराने त्याच्यासाठी शिडी आणून धरायची : अशा जाणूनबुजून मदत करणाऱ्या नोकराने केवळ नुकसानीच्या भीतीने ते केले तर गंभीर पाप नाही, असे काही पंडित म्हणत. पोप अकराव्या इनोसंट यांनी १६७९ साली ते मत निषिद्ध ठरवले. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी सहकार्याचे प्रकार बारकाईने वेगळे केले : कर्त्याच्या दुष्ट हेतूत सामील होणारे एक, आणि हेतू मान्य नसता केवळ कृतीला हातभार लावणारे दुसरे. दुसऱ्याला कधी क्षमा मिळू शकते. पण कारण किती गंभीर आणि हात किती जवळ, हे तपासूनच. फिका रंग शिडीच्या किती जवळ आहे? घराचे हप्ते हे पुरेसे गंभीर कारण आहे का? तरुणाला आम्ही 'नोकरी सोड' म्हणू शकलो नाही. त्याचे वडील निवृत्त आहेत आणि बहिणीचे शिक्षण चालू आहे. आम्ही त्याला त्या भगिनीची हकीगत मात्र सांगितली. तिला तो ओळखतो. लहानपणी त्याला धर्मशिक्षण तिनेच दिले होते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सोमवारच्या बैठकीत निदान मृत ग्राहकांसाठी वेगळी सोय करण्याचे सुचवून पाहतो, असे म्हणाला. 'ऐकतील असं नाही,' हेही म्हणाला. त्यानंतर दोन रविवार तो चर्चच्या आवारात भेटला. बैठकीचे काय झाले, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.