वाफशाआधीचा दाब

परतीचा पाऊस होऊन गेला की सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या शिवारात माणूस सकाळी आधी वाकून मूठभर माती उचलतो. दाबून गोळा करतो आणि खाली सोडतो. गोळा फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर ट्रॅक्टर घरीच. ओल्या काळ्या रानात चाक फिरलं की मातीतल्या हवेच्या पोकळ्या बुजतात. मग वाळल्यावर ढेकळं निघतात आणि ज्वारीच्या मुळाला खाली वाट सापडत नाही.

पोकळ्या बुजण्याची हीच अडचण कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतही होती; मोडनिंबहून पंढरपूर-मिरज रेल्वेमार्गानं तिथं जाता येतं. 2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. तोवर इकडच्या मुलांच्या पदवीवरही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचाच शिक्का असे. त्याच विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या एअर ग्लास प्रयोगशाळेनं सिलिका एरोजेलवर वर्षानुवर्षं काम केलं. वाळू ज्या सिलिकाची, त्याच सिलिकाचा हा घन पदार्थ, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा. काळ्या कागदावर ठेवला तर निळसर दिसतो. तळहातावर असल्याचं कळतही नाही. चिमटीत धरून जरा दाबला, की भुगा!

तरी त्याचा खरा वैरी चिमूट नव्हे, वाळणं. एरोजेल आधी ओल्या जेलच्या रूपात असतो; त्यातला द्रव उडू लागला की बारीक छिद्रांत पृष्ठताण भिंतींना आत ओढतो. भिंती एकमेकींना टेकतात. दोन्हींवर हायड्रॉक्सिल गट असले तर त्यांतून पाणी निसटतं आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचा पक्का बंध जुळतो. मग ओढणारा द्रव संपला तरी भिंती सुटत नाहीत. पोकळी कायमची गेली. सॅम्युएल किस्टलर यांनी 1931 मध्ये ही अडचण मुळातच टाळली. त्यांनी बंद भांड्यात उष्णता आणि दाब इतका वाढवला, की द्रव आणि वाफ हा भेदच उरला नाही. भेद नाही तर पृष्ठताणही नाही.

राव आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लवचिक एरोजेल मांडला, तो वेगळ्या कच्च्या मालातून. त्यात सिलिकॉनच्या चार हातांपैकी एका हाती मिथिल गट असतो. तो हात कुणाला धरत नाही. जाळं सैल राहतं, टेकलेल्या भिंती चिकटत नाहीत. तुकडा दाबला तर दबतो, सोडला की वर येतो. वर पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो.

दाब किती पडला, हे आपण लगेच विचारतो. तो पडला तेव्हा भिंतींवर काय होतं, हा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही. रान ओलं असताना चाक घालू नका म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला तो सुचलेला असतो, एवढं खरं.

यातून लवचिकपणाचा धडा काढायचा मोह होतो. तो आवरावा. नासाच्या एका गाजलेल्या छायाचित्रात 2 ग्रॅमचा एरोजेल अडीच किलोची वीट डोक्यावर घेऊन उभा आहे, आणि तो ठिसूळ जातीचा आहे. कोल्हापूरच्या मऊ तुकड्यावर तीच वीट ठेवली तर तो खाली बसेल. त्याचं काम वेगळं: गरम नळाभोवती वळणं घेत गुंडाळून राहायचं आणि आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही.