साधा फोन कोणाच्या जिवावर?



स्मार्टफोन बाजूला ठेवून बटणांचा साधा फोन घेणारी काही मंडळी हल्ली भेटतात. मोह हाताशीच नको, हा विचार शहाणपणाचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मात्र येथे एक भेद करतो. इच्छेशी झगडून स्वतःला आवरणारा माणूस वेगळा. ज्याच्या इच्छेलाच चांगले वळण लागले आहे, तो संयमी माणूस वेगळा. साधा फोन पहिल्याला आधार देतो. दुसरा घडायला वेळ लागतो.

आणखी एक प्रश्न उरतोच. बाबांनी साधा फोन घेतला आणि विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, शाळेच्या ग्रुपवरील सूचना हे सारे आईच्या फोनवर आले, तर साधेपणा कोणाचा आणि भार कोणावर? साध्या फोनवरूनही इंटरनेटशिवाय यूपीआयने पैसे पाठवता येतात. तिकीट रांगेत उभे राहून मिळते. तो वेळ आपण स्वतः देणार असू, तर जरूर बदल करावा. नाहीतर आपल्या शांतीची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत राहील. फोन बदलण्यापूर्वी घरच्यांना एकदा विचारू या.