मधली वर्षं

आमच्या आयटीत रेझ्युमेवर दोन वर्षांची गॅप दिसली, की मुलाखतीत आधी तिचाच हिशोब मागतात. श्रीदेवी 'जुदाई' (१९९७) नंतर 'इंग्लिश विंग्लिश'मधून (२०१२) मोठ्या पडद्यावर परतली. आपण त्याला 'कमबॅक' म्हटलं. मग मधली १५ वर्षं काय, रिकामी होती?

माझी आई राज्य नाट्य स्पर्धेत कामं करायची. मी झालो आणि ते थांबलं. परवा २८ वर्षांनी ती तालमीला निघाली, तर मी विचारलं, "आता कशाला?"

"तेव्हा आईचं काम करताना वाक्यं नुसती पाठ होती रे. आता कळतात."

ऐकून बरं वाटलं, मग खटकलं. ती वर्षं वाया गेली नाहीत, हे तिनं म्हणावं. मी कोण म्हणणारा? ती माझ्यावरच खर्च झाली. तालमीच्या दिवशी आता कुकर मी लावतो.