प्रत्यर्पणाचा धर्म : भाड्याची मोटार आणि निक्षेपविचार

दुसऱ्याची वस्तू ठरलेल्या मुदतीत आणि होती तशी परत करावी, हे कर्तव्य बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी सांगितले आहे. मात्र परत करणे ही क्रिया नेमकी कोणत्या क्षणी पूर्ण होते, ती एकट्या घेणाऱ्याची असते की देणाऱ्याचाही तीत वाटा असतो, आणि तीत राहिलेल्या उणिवेबद्दल द्यावी लागणारी रक्कम ही किंमत समजावी की दंड, हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत. धर्मशास्त्राने या क्रियेला ‘प्रत्यर्पण’ असे नाव दिले असून, ज्याची वस्तू त्याच्या हाती पुन्हा सोपवणे एवढाच त्या शब्दाचा अर्थ असला, तरी ‘सोपवणे’ या क्रियापदाला दोन हात लागतात, एक देणारा आणि एक घेणारा, ही गोष्ट त्या अर्थातच सामावलेली आहे.

या प्रश्नांचा आजच्या व्यवहारातील रोखठोक नमुना म्हणून अमेरिकेतील विमानतळावर भाड्याची मोटार परत करण्याच्या प्रसंगाकडे पाहता येते. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस यांनी डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर मोटारी भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि विमानाने यावे, भाड्याची मोटार घ्यावी, निघताना ती तिथेच सोडावी, ही रीत पुढे त्या देशाच्या अंगवळणी पडली. परतीच्या मार्गिकेत शिरताना मोटारीची चाके जमिनीतून वर आलेल्या तिरप्या पोलादी दात्यांवरून जातात. गाडी पुढे सरकली की हे दाते दबतात आणि मागे घेतली तर टायर फाडतात. म्हणजे तेवढी रेषा ओलांडली की ताबा सोडण्याचा निर्णय मागे घेता येत नाही. त्यानंतर कर्मचारी हातातल्या यंत्रावर किलोमीटरऐवजी मैलांचा आकडा टिपतो, इंधनाचा काटा पाहतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि पावती देतो.

अतिरिक्त आकार लागतो तो या फेरीत आणि तिच्यानंतर. भाड्याचा दिवस हा पंचांगाचा दिवस नसून मोटार ताब्यात आल्यापासूनचे २४ तास असतात; अनेक करारांत त्यावर सुमारे अर्ध्या तासाची सवलत असते, ती संपली की तासाचे आणि पुढे अख्ख्या दिवसाचे भाडे चढते. टाकी भरून मिळालेली गाडी भरून परत करावयाची असते. तसे न केल्यास कंपनी स्वतः इंधन भरते आणि त्यासाठी पंपावरील भावापेक्षा बरीच जास्त रक्कम लावते. डेन्व्हरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या ई-४७० या मार्गावर रोख टोल घेणारे नाके उरलेले नाहीत, तेथे कॅमेरा क्रमांकपट्टी टिपतो, आणि त्या टोलवर कंपनीचे सेवाशुल्क स्वतंत्रपणे बसू शकते. या सर्व आकारांना एकाच तराजूत तोलणे चूक आहे, कारण त्यांतील काही न्याय्य आहेत, काही संशयास्पद आहेत, आणि त्यांच्यातला भेद ओळखण्याची साधने जुन्या शास्त्रात तयार आहेत.

कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तीत ठेवीचे प्रकार वेगळे केले आहेत : पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दिलेली वस्तू तो ‘उपनिधी’, मालकाने समक्ष सोपवलेली वस्तू तो ‘निक्षेप’, घरधन्याच्या गैरहजेरीत घरातल्या माणसाच्या हाती दिलेली वस्तू तो ‘न्यास’, आणि लग्नकार्यासाठी मागून आणलेले वस्त्र वा दागिना ते ‘याचितक’. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ठेव सांभाळणाऱ्यावर तिचा भार नाही; परंतु मालकाने मागितल्यावरही ती दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर मूल्य भरून द्यावे लागते आणि शिवाय तितकाच दंड राजाला द्यावा लागतो. म्हणजे उशीर हा केवळ वेळेचा हिशेब नाही. मागणी होऊनही वस्तू न दिल्याच्या क्षणापासून दैवाचा धोकाही घेणाऱ्याच्या शिरावर येतो.

भाड्याने घेतलेल्या वस्तूंचा विचार कात्यायनाने केला आहे. त्याची स्मृती अखंड स्वरूपात उरलेली नाही. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी गोळा करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. हत्ती, घोडा, बैल, गाढव किंवा उंट भाड्याने घेऊन, काम उरकल्यावरही जो परत करत नाही, त्याच्याकडून भाड्यासह ते जनावर वसूल करावे, असा त्याचा नियम आहे. मराठीतील ‘भाडे’ हा शब्द ज्या संस्कृत ‘भाटक’ शब्दापासून आला, तोच शब्द या नियमात आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. येथे उशिराबद्दल घ्यावयाची रक्कम वाढलेल्या वापराचे मोल आहे, पापाची शिक्षा नव्हे. याज्ञवल्क्याच्या नियमात मात्र भरपाईखेरीज दंड आहे, कारण तेथे मागणी होऊनही वस्तू अडवून धरलेली असते. मोल आणि दंड यांतील हा भेद विमानतळावरील पावतीलाही लागू पडतो : तीन तास जास्त वापरलेल्या गाडीचे तीन तासांचे भाडे न्याय्य आहे, पण पाच मिनिटांच्या उशिराला पूर्ण दिवसाचे भाडे लावले की ते मोल राहत नाही, त्याला दंडाचे रूप येते, आणि दंड लावण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न उभा राहतो.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधील हैफा शहराच्या पाळणाघरांत केलेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांवर दंड बसवल्यावर उशीर कमी न होता वाढला आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. जे कर्तव्य होते त्याला दर मिळाला आणि दर भरला की कर्तव्य फिटले असे वाटू लागले. भाड्याची मोटार अर्धी रिकामी टाकी ठेवून सोडणारा आणि ‘पैसे भरले की झाले’ म्हणणारा माणूस याच वळणावर असतो. त्याचा हिशेब चुकत नाही, पण वस्तू दुसऱ्याची आहे ही जाणीव त्याच्या मनातून निसटते.

वस्तूचा वापर कसा केला, याकडेही परंपरांनी बारकाईने पाहिले आहे. ज्यू धर्मशास्त्राच्या ‘मिश्ना’ या ग्रंथातील बाबा मेत्सिया या प्रकरणात डोंगरवाटेसाठी भाड्याने घेतलेले गाढव सपाटीवरून नेले आणि ते मेले, तर काय करावे, याचा विचार आहे. ते घसरून मेले असेल तर भाडेकरू निर्दोष, कारण घसरण्याचा धोका सपाटीवर डोंगराहून कमीच असतो. पण उन्हाच्या तापाने मेले असेल तर तो जबाबदार, कारण तो धोका त्याने करार मोडून ओढवून घेतलेला असतो. म्हणजे करार मोडला एवढ्यावरच दायित्व ठरत नाही, मोडलेल्या अटीमुळेच हानी झाली का हे तपासावे लागते. रोमन विधिज्ञ गायस यानेही दुसऱ्या शतकात, उसना घेतलेला घोडा ठरलेल्या जागेपलीकडे नेणे ही त्याच्या वापराची चोरी ठरू शकते, असे नोंदवले आहे. करारात मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेणाऱ्या आजच्या प्रवाशाला हे दोन्ही विचार तंतोतंत लागू पडतात.

येथवर सर्व भार घेणाऱ्यावर आहे. परंतु मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील एक नियम तराजूचे दुसरे पारडे पुढे आणतो : जो ठेव परत करत नाही तो, आणि ठेव न ठेवताच जो ती मागतो तो, हे दोघेही चोराप्रमाणे दंडास पात्र आहेत. या नियमाचे मोल फार मोठे आहे, कारण तो प्रामाणिकपणाचे ओझे एकाच खांद्यावर टाकत नाही. आधीपासून असलेल्या ओरखड्याचे पैसे दुसऱ्या प्रवाशाकडून घेणे, किंवा भरून दिलेल्या टाकीबद्दल इंधनाचा आकार लावणे, ही न ठेवलेल्या ठेवीची मागणी आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती मोटार घेऊन पळण्याच्या पंक्तीतच बसते. त्याच अध्यायात, जशी दिली तशीच घ्यावी, असाही दंडक आहे : एकांतात दिलेली ठेव एकांतात परत करावी, आणि समक्ष दिलेली समक्ष. गाडी देताना तिच्याभोवती फिरून नोंद केली असेल, तर परत घेतानाही तशीच फेरी आणि तशीच नोंद व्हावी, हा या नियमाचा सरळ अर्थ आहे. रात्री बंद खिडकीच्या फटीतून पेटीत टाकलेली किल्ली हा निक्षेपही नव्हे आणि न्यासही नव्हे, कारण तिथे घेणारा हातच नसतो. म्हणूनच अनेक करारांत सकाळी कार्यालय उघडेपर्यंत जबाबदारी प्रवाशाकडेच राहते.

या व्यवहारविचाराच्या मुळाशी एक धार्मिक जाण आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेलेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस शिकवत असे की, कोणत्याही गोष्टीबद्दल ‘ती हरवली’ असे म्हणू नये, ‘ती परत केली’ असे म्हणावे, आणि ती जवळ आहे तोवर प्रवासी जसा धर्मशाळेला वागवतो तसे तिला वागवावे. ज्यू परंपरेतील एका कथेत शब्बाथच्या दिवशी दोन्ही मुलगे मृत्यू पावल्यावर बरूरिया आपल्या पतीला, रब्बी मेइर यांना, आधी एवढेच विचारते की, कोणी ठेव ठेवली होती आणि आता तो ती मागायला आला आहे, तर द्यावी की नाही. आणि द्यावीच लागेल असे उत्तर आल्यावर ती त्यांना मुलांपाशी नेते. या कथेपुढे विमानतळावरील पावती क्षुल्लक वाटेल, पण दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे : हाती असलेले आपले नाही, हे माणसाला ते हाती असतानाच आठवते की नाही. ही आठवण ठेवण्याचे थोर बळ छोट्या परतफेडींच्या सवयीतून येते.

म्हणून भाड्याची मोटार अतिरिक्त आकार न लागता परत करणे हे केवळ काटकसरीचे काम मानू नये. विमानतळाच्या अगदी जवळच्या पंपावर टाकी भरून पावती जपणे, २४ तासांच्या आत पोहोचणे, इंधनाच्या काट्याचे, मैलांच्या आकड्याचे आणि गाडीच्या चारही बाजूंचे छायाचित्र घेणे, आणि कर्मचाऱ्याने तपासून हिशेब पूर्ण केल्याशिवाय तिथून न निघणे, हे प्रवाशाच्या बाजूचे प्रत्यर्पण आहे. ते पाहणे, मान्य करणे आणि देय नसलेले न मागणे, हे मालकाच्या बाजूचे प्रत्यर्पण आहे. या दोहोंपैकी एक जरी उणे राहिले, तरी मोटार परत आलेली असते, पण प्रत्यर्पण झालेले नसते.