अंगरख्याखालचें शस्त्र



कशेळे येथें एका घरीं सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर एका बंधूनें आम्हांस ओटीवर एकीकडे बोलाविलें. त्यानें मुंबईच्या एका गृहस्थास जमिनीचा तुकडा विकिला आहे, आणि उरलेल्या जमिनीच्या बांधावरून त्याचा व त्याच्या चुलतभावाचा तंटा चालला आहे. हातीं पैसा आला, पाठीमागून धमकीही आली. तेव्हां त्यानें अलिबागेस अर्ज करून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून रीतसर परवाना मिळविला व पिस्तूल घेतलें. तो म्हणाला, "पाळकसाहेब, हें उघड कमरेला लाविलें तर बायामाणसें भितात, आणि मी मिरवतों असें लोक म्हणतात. म्हणून सदऱ्याखालीं कसें न दिसेल तें मी पाहत असतों. कोणास भय पडूं नये हा माझा हेतु. यांत पाप आहे काय?"

प्रश्न प्रामाणिक होता, आणि आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं हें आम्ही कबूल करितों. पुष्कळ उपदेशक बंधूंस असले प्रश्न येत असतील. म्हणून या विषयीं आम्हीं जें शोधिलें तें येथें लिहीत आहों.

आरंभीं हें सांगितलें पाहिजे कीं, शस्त्र बाळगणें हें या मुलखांत कांहीं नवल नाहीं. आमचे ठाकूर व कातकरी बंधु कमरेमागें आकडीला कोयता अडकविल्यावांचून घराबाहेर पडत नाहींत. त्या कोयत्यानें माणूस मरूं शकतो, तरी त्यास पाहून कोणीही दचकत नाहीं. कां? तो दिसतो, आणि तो कशासाठीं आहे हें सर्वांस ठाऊक असतें. सरकारचा कायदाही याच विचारानें चालतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें परवान्याचीं ठरविलीं आहेत, परंतु शेतीच्या व घरच्या कामाचीं हत्यारें त्यांतून वगळिलीं आहेत. म्हणजे हत्याराची लांबी पाहावी, तसा त्याचा उद्देशही पाहावा. पिस्तुलानें लांकूड तोडितां येत नाहीं. त्यास माणसावांचून दुसरें कामच नाहीं.

आतां शास्त्राकडे पाहूं. शास्त्यांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत एहूदाची गोष्ट आहे. तो डावखुरा असल्यामुळें त्यानें दुधारी तरवार उजव्या मांडीवर वस्त्राखालीं बांधिली, आणि मवाबाचा राजा एग्लोन यास नजराणा देण्याच्या निमित्तानें आंत शिरून त्याचा प्राण घेतला. हा इस्राएलाचा सोडविणारा होता खरा. परंतु राजानें त्यास एकांतीं येऊं दिलें तें तो नजराणा आणणारा म्हणून, हें विसरूं नये. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत यवाबाची गोष्ट याहून काळी आहे. त्यानें अमासास भाऊ म्हणून हांक मारिली, चुंबन घेण्यास उजव्या हातानें त्याची दाढी धरिली, आणि दुसऱ्या हातांतील तरवारीकडे अमासाचें लक्ष नव्हतें. तीच गोष्ट पुढें प्रेषितांच्या काळीं यरुशलेमांत वाढली. कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायांत रोमी सरदार पौलास ज्या मारेकऱ्यांविषयीं विचारितो, त्यांचें नांवच मूळ भाषेंत आंखूड सुऱ्यावरून पडलेलें आहे. योसेफस नामक यहूदी इतिहासकार सांगतो कीं, हे लोक सणाच्या गर्दींत वस्त्राखालीं सुरे घेऊन मिसळत, आणि घाव घातल्यावर तेच इतरांबरोबर हळहळत. परिणाम असा झाला कीं, लोक जवळ येणाऱ्या मित्राचाही विश्वास धरीनात.

आमच्या मतें लपविलेल्या शस्त्राचें मर्म येथें आहे. उघड शस्त्राचें बळ त्याच्या धारेंत असतें. लपविलेल्या शस्त्राचें अर्धें बळ समोरच्याच्या विश्वासांत असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग प्रतापगडाचें काय? 1659 सालीं शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास गेले तेव्हां अंगरख्याखालीं चिलखत होतें, आणि वाघनखें व बिचवा लपविलेला होता असें बखरी सांगतात. (वाघनखें म्हणून जीं लंडनच्या संग्रहालयांतून 2024 सालीं सातारच्या संग्रहालयांत आलीं, तीं तींच असल्याचा पुरावा नाहीं असें त्या संग्रहालयाचेंच म्हणणें आहे, तरी पाहणाऱ्यांची गर्दी झाली.) परंतु तेथें दोन सैन्यें समोरासमोर होतीं. खान कशासाठीं आला आहे हें महाराज जाणून होते. जो विश्वास कधीं नव्हताच, तो मोडला असें कसें म्हणावें? आणि चिलखताविषयीं तर आम्हांस कांहींच अडचण वाटत नाहीं. तें लपविलें तरी कोणास टोंचत नाहीं.

आणखी जवळची गोष्ट घ्या. माथेरानचे वकील भाई कोतवाल व त्यांचा आझाद दस्ता यांनीं याच डोंगरांत विजेचे मनोरे पाडिले, आणि 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडीं कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. त्यांच्या मार्गाविषयीं आम्हां ख्रिस्ती लोकांत दोन मतें असूं शकतील. पण तेही शस्त्र लपवीत ते सत्तेपासून. ज्याच्या घरीं भाकर खाल्ली त्याच्यापासून नव्हे.

आमच्या बंधूची स्थिति या दोहोंहून निराळी आहे. त्याचा चुलतभाऊ अफझलखान नव्हे. तो त्याच आळींत राहतो, त्याच विहिरीवर येतो, आणि नाताळांत त्याच रांगेंत बसतो.

महाराष्ट्रास जी गोष्ट सांगतांना अजूनही मान खालीं घालावी लागते तीही येथें आठवते. 20 जानेवारी 1948 रोजीं दिल्लीस गांधीजींच्या प्रार्थनेच्या वेळीं बाँब फुटला. त्यानंतर प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी असें सरदार पटेलांनीं सुचविलें, परंतु प्रार्थनेस येणाऱ्याचे खिसे चांचपणें गांधीजींस मान्य झालें नाहीं. दहा दिवसांनीं पुण्याचा एक मराठी मनुष्य पुढें झाला, त्यानें हात जोडिले, आणि मग तीन गोळ्या झाडिल्या. पिस्तूल लहान होतें, सहज लपण्याजोगें. त्या दिवशीं एक म्हातारा मेला एवढेंच झालें नाहीं. त्या दिवसापासून जोडलेल्या हातांकडेही पहारेकरी संशयानें पाहूं लागला. एकाच्या लपविण्याचा दंड पुढें हजारों निरपराध्यांनीं दारोदारीं झडती देऊन भरावयाचा असतो.

परंतु आमचा बंधु मारेकरी नाहीं. तो भ्यालेला मनुष्य आहे. भ्यालेल्यास काय सांगावें? एज्रा बाबेलाहून सोनेंरुपें घेऊन निघाला तेव्हां राजापाशीं स्वार मागण्याची त्यास लाज वाटली, कारण आमचा देव आम्हांस राखितो असें तो राजास बोलून चुकला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं नहेम्यानें त्याच राजाचे स्वार निमूटपणें बरोबर घेतले, आणि कोट बांधणाऱ्यांच्या हातीं शस्त्रेंही दिलीं. देवानें दोघांस दोष लाविला नाहीं. म्हणून विश्वास असेल तर शस्त्र टाक, असें आम्ही त्या बंधूस म्हणूं शकलों नाहीं. रात्रीं घरावर दगड आमच्या येत नाहींत, त्याच्या येतात. मात्र नहेम्याचीं माणसें एका हातानें काम करीत व दुसऱ्या हातांत शस्त्र धरीत, तें शत्रूस दिसावें म्हणून.

सर्वांत अधिक विचार आम्हांस लूकाच्या बाविसाव्या अध्यायानें करावयास लाविला. प्रभुभोजन ज्या रात्रीं स्थापिलें गेलें, त्याच माडीवर शिष्यांजवळ दोन तरवारी होत्या! सेमिनरींत हा अध्याय शिकलों तेव्हां ही गोष्ट ध्यानांत आली नव्हती. भाकर मोडली जात असतां त्या तरवारी तेथेंच कोठें तरी होत्या. प्रभूनें त्या बाळगणाऱ्यांस बाहेर घातलें नाहीं. तरवारीची गोष्ट निघतांच शिष्यांनीं त्या त्यास दाखविल्या, आणि प्रभूनें तेथेंच तो विषय संपविला. पुढें बागेंत पेत्रानें त्यांतली एक चालविली व मल्खाचा कान गेला. तेव्हां मात्र प्रभूनें त्यास आवरिलें, आणि लूक सांगतो कीं, त्या कानास स्पर्श करून तो बरा केला.

यावरून शस्त्रवाल्यास मेजापासून दूर करावें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. पण मेजावर बसलेल्यांपासून तें लपवावें असेंही म्हणतां येत नाहीं. भय पडूं नये म्हणून लपवितों, असें तो बंधु म्हणतो. पण भय पडणें हें शेजाऱ्याच्या हक्काचें आहे. ज्याच्या शेजारीं पिस्तूल आहे त्यानें भ्यावें कीं न भ्यावें, बसावें कीं उठावें, हें त्यानें ठरवावयाचें. आपण त्याच्या वतीनें ठरविलें तर ती दया नव्हे.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या खेपेस जाऊन त्यास सांगितलें. तो बराच वेळ उगा राहिला. मग त्यानें आपण होऊन एक गोष्ट सांगितली. मागल्या महिन्यांत चुलतभाऊ बांधावर भेटला. बोलणें साधेंच होतें, पाण्याच्या पाटाविषयीं. तरी त्याचा हात आपोआप सदऱ्याकडे गेला. भावानें तें पाहिलें नाहीं. "पण मीं पाहिलें," तो म्हणाला, "आणि मग त्याचें बोलणें मला ऐकूंच येईना."

त्यावर आम्हीं कांहीं बोललों नाहीं. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत वेदीपाशीं दान ठेवून आधीं भावाकडे जाण्याविषयीं जें आहे तें एकत्र वाचिलें, इतकेंच. तें शस्त्र तो आतां घरीं कुलुपांत ठेवितो, आणि किल्ली बायकोकडे असते. तिला आजवर ठाऊकच नव्हतें कीं तो तें प्रार्थनेसही नेत असे. चुलतभावास सांगण्यास त्याचें मन अजून होत नाहीं, आणि आम्हीं जबरदस्ती केलेली नाहीं. जमिनीच्या सरकारी मोजणीसाठीं दोघांनीं मिळून अर्ज करावा असें आम्हीं सुचविलें होतें. त्या अर्जावर त्याची सही झाली आहे. भावाच्या सहीसाठीं कागद आम्ही येत्या रविवारीं घेऊन जाणार आहों.