नाळेतलं रक्त कोणाचं?

नाळेतल्या रक्तातल्या ‘आयजीई’ या प्रतिपिंडाचा आकडा पाहून बाळाला पुढे दमा, इसब किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी होणार का हे सांगता येतं, ही समजूत अजून टिकून आहे. आकडा जास्त निघाला की आईनं गरोदरपणी काय काय खाल्लं याची उलटतपासणी सुरू होते आणि बाळाचं अंडं, शेंगदाणा लांबणीवर पडतो. पहिली गोष्ट अन्यायाची, दुसरी अपायाची.

साठच्या दशकात आयजीई सापडलं आणि १९८२ साली स्वीडनमधल्या १,७०१ नवजात बाळांच्या पाहणीनं आशा जागवली: नाळेत आयजीई जास्त असलेल्या बाळांना तान्हेपणीच अ‍ॅलर्जी अधिक होत होती. पुढच्या पाहण्यांत मात्र अ‍ॅलर्जी झालेल्या बहुतेक मुलांचा जन्मवेळचा आकडा साधाच निघाला. चाचणी कच्ची होती, पक्की आली की भाकीत जमेल, असा याचा अर्थ सर्रास लावला जातो. माझ्या मते इथेच वाचन चुकतं. आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड वार ओलांडून बाळाकडे जातं, आयजीई जात नाही. म्हणून नाळेतलं सगळं आयजीई बाळाचंच, या गृहीतकावर ही सारी इमारत उभी होती. २००८ साली कोपनहेगनच्या बिसगार्ड यांच्या गटानं दम्याच्या रुग्ण असलेल्या मातांच्या बाळांमध्ये तेच तपासलं. नाळेतलं विशिष्ट पदार्थांविरुद्धचं आयजीई आईच्या आयजीईशी जुळलं, वडिलांच्या नाही. आणि तीच बाळं सहा महिन्यांची झाल्यावर त्यांच्या रक्तातल्या आयजीईशीही त्याचा मेळ लागेना. म्हणजे ते वार ओलांडून नव्हे, तर आईचं रक्त मिसळल्यानं तिच्याकडून आलेलं होतं. मग ‘आईला अ‍ॅलर्जी असेल तर बाळाचं आयजीई वाढतं’ हा निष्कर्षही नव्यानं तपासावा लागतो, कारण त्या वाढीतला काही भाग आईचाच असू शकतो. मोजमाप कितीही सूक्ष्म केलं तरी हा घोळ सुटत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की, गर्भ अकराव्या आठवड्यापासून स्वतः आयजीई बनवू शकतो आणि अनेक पाहण्यांत मुलग्यांचा आकडा मुलींपेक्षा जास्त भरतो. आईचं रक्त मिसळल्यानं हा फरक पडणार नाही. मान्य. एकूण आयजीईत बाळाचा वाटा आहे आणि त्यात आनुवंशिक कलही दिसत असेल. पण कल असणं वेगळं आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जडणं वेगळं. २०१५ साली लंडनमधल्या ‘लीप’ प्रयोगानं हे अंतर मोजून दाखवलं. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. त्वचेवरच्या चाचणीत शेंगदाण्याला आधीच सौम्य प्रतिसाद देणाऱ्या बाळांपैकी, शेंगदाणा टाळलेल्यांत पाचव्या वर्षी ३५.३ टक्क्यांना अ‍ॅलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांत १०.६ टक्क्यांना. ही चाचणी तर बाळाच्या स्वतःच्या अंगावरची, नाळेतल्या रक्ताहून कितीतरी थेट. तरीही तिनं दाखवलेला धोका आहारानं बदलला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २००० साली जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा न देण्याचा सल्ला दिला होता आणि पुराव्याअभावी २००८ साली तो मागे घेतला, हेही इथे लक्षात घ्यावं. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि अख्खा दाणा घशात अडकतो म्हणून तो बारीक वाटून, पातळ करूनच द्यावा. पण नाळेच्या अहवालातल्या एका आकड्यापायी तो ताटाबाहेर ठेवायला आज कोणताही आधार उरलेला नाही.